डावा पुढचा पाय

घोड्यांच्या धंद्यात बापाकडून नातं धरत नाहीत. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. नावाजलेला घोडा एका हंगामात शंभरेक घोड्या फळवतो. त्या सगळ्या पोरांना भावंडं म्हणायला लागलं तर प्रत्येक शर्यत भावाभावांतच व्हायची. म्हणून एका आईच्या पोटची तेवढी भावंडं. नुसता बाप एक असेल, तर कुणी कुणाचं नाही.

हा नियम मला पाढे पाठ व्हायच्या आधी पाठ झाला, कारण दादा तो माझ्यावर वापरायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, मग माझी आई या घरात आली आणि मी झाले. बाप एक, आया दोन. कुणी विचारलं, "ही तुझी बहीण का रे?" की हा दात काढून म्हणायचा, "घोड्यांच्या हिशोबानं माझी कुणी नाही." सगळे पोट धरून हसायचे, बाबा सगळ्यात जास्त. मीही हसायचे, कारण नाही हसलं तर रडूबाई म्हणायचे. पण खरं सांगते, मला ते एकदाही गमतीचं वाटलं नाही. आता चाळिशी आली तरी वाटत नाही.

बाबा गेले आणि स्टड फार्म आम्हा दोघांच्या नावावर झाला. दादा खरेदी-विक्री बघतो, मी घोड्या बघते, आई घर बघते. कोणती माजावर आली, कोणती आज-उद्या विणार, कुणाच्या खुरात खडा रुतलाय, हे माझं खातं. दादाला घोड्यातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं कळतं. लांबून येणारं शिंगरू बघून त्याचा बाप ओळखतो मेला. फक्त त्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायची सवय लागली आहे, आणि ती सुटायला तयार नाही.

भांडण झालं ते तांबडीवरून. तांबडी म्हणजे माझ्या आईच्या घोडीच्या वंशातली आमच्याकडे उरलेली शेवटची. आईचे वडील रेसच्या घोड्यांचे ट्रेनर. लोक मुलीला पलंग-कपाट देतात, त्यांनी आईबरोबर घोडी पाठवली. तिला आम्ही पहिली म्हणतो. पहिलीची मुलगी थोरली, थोरलीची मुलगी ही तांबडी. लहानपणी तिला असा ताप आला की वाचते की नाही अशी गत. त्यामुळे ती दोनदाच पळाली, तीही कशीबशी, आणि नाव व्हायचं राहून गेलं. पण बांधा बघा तिचा! छाती रुंद, खांदा तिरका आणि लांब, गुडघ्याखालची नळी आखूड, मागचे सांधे असे भक्कम की धडकला माणूस तर त्यालाच लागावं. एकच गोष्ट होती. तिचा डावा पुढचा पाय किंचित बाहेर वळलेला. आम्ही म्हणायचो, तापात बरेच महिने एका बाजूला भार देऊन उभी राहिली, त्यानं झालं.

मग तिला शिंगरं झाली. पहिलं, डावा पाय बाहेर. दुसरं, डावा पाय बाहेर. दोन्ही नर होते. दादानं दोघांचे पाय ऑपरेशननं सरळ करवले आणि विकले. दोघंही दुसऱ्या हंगामात गुडघा बसून कामातून गेले. आणि या वर्षी झाली ती मादी, दादानं नव्यानं आणलेल्या एका बड्या घोड्याची मुलगी, आईसारखीच तांबडी. उठून उभी राहिली, थरथरली, आणि डावा पाय दिला बाहेर टाकून.

एक कारखानदार तिच्यावर लट्टू झाला. त्याला ती हवीच होती, पण दोन अटींवर. एक, पाय सरळ करून घ्यायचा. दोन, तांबडीचे जातीच्या नोंदणीचे कागद रद्द करायचे आणि तिला कुठल्यातरी रायडिंग स्कूलला देऊन टाकायची. म्हणजे पुढे तिला कुणी फळवलं तरी त्या शिंगराला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या शुद्ध जातीचं, म्हणून कुठं जागा नाही. अशीच वाकडी भावंडं मागून येत राहिली तर आपल्या घोडीचं नाव खराब होईल, असं त्याचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतं. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"सही करणार नाही मी," दादाला म्हटलं.

"का?"

"का म्हणजे? पाय आपल्या तांबडीकडून आलाच नाही. आईच्या घोडीत खोट नव्हती. थोरली बघितलीस ना तू? फूटपट्टीसारखी सरळ. हे सगळं त्या घोड्यांकडून येतंय, तू निवडलेल्या."

"तिन्ही वेळा वेगवेगळा घोडा होता," दादा शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की मला जास्त राग येतो. "तीन बाप आणि पाय एकच. तूच सांग."

मी त्याला ओढत दिवाणखान्यात नेलं. तिथे पहिलीचा मोठा फोटो आहे, बाबांनी काढून घेतलेला. मान उंच, अंगावर ऊन, कुरणातलं गवत वाऱ्यावर झुकलेलं. लहानपणापासून बघत आले आहे मी तो; खरी पहिली मला आठवत नाही. "हे बघ," म्हटलं, "आहे का हिच्यात काही वाकडं?"

दादानं चष्मा वर केला, फोटोजवळ गेला आणि म्हणाला, "पाय कुठे दिसतायत?"

मी बघतच राहिले. गवत गुडघ्यापर्यंत होतं. इतकी वर्षं रोज बघत होते आणि त्या घोडीला फोटोत पाय नाहीत हे मला दिसलं नव्हतं. कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तोंड वर करून म्हटलं, "आणते पुरावा!" आणि तडक निघाले. घोड्यांचे डॉक्टर आणि कारखानदार सोमवारी येणार होते, तोवर काय ते करायला हवं होतं.

पुरावा होता मामाकडे. थोरलीची सख्खी धाकटी बहीण, तिचं नावही आम्ही धाकटीच ठेवलेलं, अजून जिवंत होती. खूप म्हातारी. ती शिंगरू असतानाच बाबांनी ती मामाला देऊन टाकली होती. त्याच सुमारास दोघांचं बिनसलं आणि आमचं तिकडे जाणं बंद झालं. मी तेव्हा बोर्डिंगच्या शाळेत. धाकटी खूप शर्यती जिंकली हे आम्हाला तोंडपाठ होतं, पण तिला उभी असलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचा सरळ पाय बघायचा, समोरून फोटो काढायचा आणि दादाच्या तोंडावर मारायचा, एवढंच डोक्यात होतं.

मामा जॉकी होता. आमच्या आईकडची सगळी माणसं बुटकी, मीही त्यातलीच, पण मामा म्हणजे खिशात मावावा असा. पाय घोड्याच्या पोटाच्या मापानं कायमचे वाकलेले. मला बघून त्यानं शेगडीवर चहा ठेवला आणि म्हणाला, "कोण मेलं?"

"कुणी नाही. धाकटी कुठाय?"

"मागे. तिला भेटायला आलीस होय? मला वाटलं, मला."

घराच्या मागे छोटं आवार होतं, नळाच्या पाण्यानं अर्धं ओलं. धाकटी भिंतीच्या सावलीत उभी होती. पाठ खाली बसलेली, डोळ्यांवर खळगे, ओठ लोंबता. पण छाती तीच. खांदा तोच. आखूड नळी, भक्कम सांधे, सगळं तांबडीचंच, फक्त जुनं झालेलं. मला इतकं बरं वाटलं की सांगू नये. मग मी समोर गेले आणि खाली बघितलं.

डावा पुढचा पाय बाहेर वळला होता. किंचित वगैरे नाही. चांगला घसघशीत बाहेर.

"अरे देवा," मी म्हटलं आणि तिथल्या उलट्या बादलीवर बसले.

मामा चहा घेऊन आला. माझं तोंड बघून त्याला हसू आवरेना. "काय झालं, बये?"

"मामा, ही वाकडी आहे."

"मग?"

"मग काय मग! मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत फिरते की आपल्याकडे खोट नाही."

"खोट कुठाय? पाय आहे तो." त्यानं धाकटीच्या गळ्यातल्या दोरीला हात घातला, जीभ टाळूला लावून टक् केलं आणि तिला ओल्या जमिनीवरून चालवलं. "बघ. पाय बाहेर फिरतो, फिरतो, आणि टेकताना कसा टेकतो? सपाट. मातीवर बघ खूर." मी वाकून बघितलं. खुराचा ठसा सगळीकडून सारखा उमटला होता, एका कडेवर जोर नाही की काही नाही. "हिची छाती त्या पायासाठी रुंद आहे. खांदा त्या पायासाठी मोकळा आहे. मी हिच्यावर बसलोय, मला विचार. डाव्या वळणावर बाकीच्या घोड्या बाहेर फेकल्या जायच्या आणि ही आत घुसायची. म्हातारी होईस्तो पळाली, एक दिवस लंगडली नाही. पहिली पण अशीच होती. तिची आईही, असं आमचे वडील सांगायचे."

"आणि थोरली? थोरली सरळ होती, मी स्वतः बघितली आहे."

"सरळ केलेली बघितलीस. शिंगरू असताना तुझ्या बापानं डॉक्टर आणून हाडावरची साल सोडवून घेतली. तेव्हा तसं करायचे. पाय आला सरळ, लोकांनी वा वा केली. एक हंगाम पळाली, मग गुडघा बसला. धाकटी जन्मली तेव्हा त्यानं तिलाही डॉक्टर बोलावला. मी भांडलो. मग म्हणाला, एवढा पुळका असेल तर घेऊन जा. मी घेऊन आलो."

बाबांवर माझा किती जीव होता हे मामाला माहीत होतं, म्हणून असेल, त्यानं तिथेच थांबून चहाचा कप माझ्या हातात दिला. मी धाकटीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. आधी लाज वाटली. मग राग आला, आणि तो राग पाय वाकडा असल्याचा नव्हता. फोटोतल्या गवताचा होता.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मामाकडे जाऊन आलीस."

"तुला माहीत होतं?"

"घोडी माझी होती, मला माहीत नसेल?"

"मग बोलली का नाहीस, आई? दोन शिंगरं वाया गेली!"

आईनं हातातला देठ खुडून टाकला. मग पाय पुढे केले. घरातसुद्धा ती बूट घालते, काळे, बंद, डाव्याचा तळ आतल्या बाजूनं जाड. मला वाटायचं गुडघ्याच्या दुखण्यासाठी असतील. "लग्न झालं त्या वर्षी तुझ्या बाबांनी मला ह्या बुटांची मापं द्यायला नेलं होतं," ती म्हणाली. "माणूस वाईट नव्हता गं. मारलं नाही, टाकून बोलला नाही. पण बाहेरून घरात आलेलं सगळं त्याला सरळ हवं असायचं. मी बूट घातले, आणि मग थोरलीच्या वेळी कुठल्या तोंडानं बोलणार होते?"

माझाही डावा पाय बाहेर जातो. शाळेत कवायतीला त्यापायी ओरडा खायचे. मी आईच्या बुटांकडे बघत राहिले आणि मला रडू फुटलं, चांगलं भोकाड पसरून. आईनं भाजीची परात बाजूला ठेवली आणि म्हणाली, "रडून झालं की सांग, काय करायचं ठरवलंयस."

सोमवारी सकाळी दोन गाड्या आल्या. एकीतून डॉक्टर, एकीतून कारखानदार. दादा स्वच्छ शर्ट घालून फाटकात उभा. मला म्हणाला, "तांबडीला आणि पोरीला कुरणात उभी कर. गवतात. बाकी मी बोलतो."

मी दोघींना आणलं, पण कुरणात नेलं नाही. पागेसमोर सिमेंटचा चौक आहे, धुऊन लख्ख ठेवलेला, जिथे आम्ही नाल ठोकतो. तिथे आणून तांबडीला पाहुण्यांच्या बरोब्बर समोर तोंड करून उभी केली. पोरगी आईला चिकटून उभी राहिली. दोन डावे पाय, एकाच कोनात बाहेर. आंधळ्यालाही दिसावेत असे.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, तिकडे न्यायला सांगितलं होतं ना?"

"इथे नीट दिसतंय," मी म्हटलं. मग कारखानदाराकडे वळले. "साहेब, पाय बघून घ्या. माझ्या भावानं तुम्हाला सांगितलं की हा पाय हिच्याकडून आला. ते खरं आहे. मी म्हणत होते हिच्याकडून नाही आला, ते खोटं होतं. हिच्या मावशीला आहे, आजीला होता, पणजीला होता. आमचा आहे हा पाय. जी सरळ केली ती मोडली, जी तशीच ठेवली ती पळाली. तर पोरीचा पाय कुणी सरळ करणार नाही आणि हिचे कागद कुणी रद्द करणार नाही. माझी सही मिळणार नाही."

कारखानदारानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर सरळ माणूस. खाली बसले, पोरीच्या गुडघ्यावरून हात फिरवला, तिला दोनदा पुढे-मागे चालवायला लावली. "ऑपरेशननं पाय सरळ दिसेल, याची खात्री देतो," ते म्हणाले. "त्यानं जास्त पळेल की कमी, याची देत नाही. ती कुणीच देऊ शकत नाही."

"मला सरळ हवी होती," कारखानदार म्हणाला. रागावला नाही. नमस्कार केला आणि गाडीकडे चालायला लागला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दादा मात्र फुटला. "झालं समाधान? चालून आलेलं गिऱ्हाईक घालवलंस! उद्या बाजारात सगळे म्हणतील यांच्या घोड्या वाकड्या. तुझा काय हक्क आहे गं? फार्म माझ्या बापानं उभा केला!"

"माझ्याही."

"बाप एक असला म्हणून..." तो बोलता बोलता थांबला. पण कुठे निघाला होता ते मला कळलं. आयुष्यभर ऐकलंय.

"बोल की," मी म्हटलं. "पूर्ण कर वाक्य. घोड्यांच्या हिशोबानं तुझी मी कुणी नाही. चालेल! आज मला तोच हिशोब पाहिजे. त्या हिशोबात बापाचं काही चालत नाही, घराणं आईचं असतं. ही घोडी माझ्या आईची, तिची पोर माझ्या आईची. ह्या दोघी मी घेते. बाकीच्या सगळ्या घोड्या तू ठेव. सगळ्या! तो नवा बडा घोडासुद्धा. उद्या वकिलाला बोलव, मी येते सही करायला. पण ह्या दोघींच्या अंगाला हात लावलास, तर आपल्यात खरंच कुणी कुणाचं राहणार नाही."

सगळं सोडून दोन वाकड्या घोड्या घेणारी बाई वेडीच म्हणायची. तसं दादाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या चांगल्या घोड्या मी हातानं वाढवल्या आहेत, एकेकीच्या बाळंतपणाला रात्र-रात्र बसले आहे.  तरी शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. आई पायऱ्या उतरत होती, कठडा धरून, एकेक. तिच्या पायात काही नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला अंगणात अनवाणी बघितलं नव्हतं. पावलं पांढरीफटक, बोटं बुटात राहून एकमेकांवर चढलेली. डावं पाऊल बाहेर वळलेलं. ती चौकात आली तशी उन्हानं तापलेल्या सिमेंटचा चटका तिला बसला असणार, पण ती थांबली नाही. तांबडीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, समोर तोंड करून.

 डॉक्टरांनी बॅग बंद केली.

"माई," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "तुम्ही कशाला आलात बाहेर?"

"पायाचं बोलणं चाललं होतं ना, म्हणून आले," आई म्हणाली. "आणि एक ऐक. तू आठ वर्षांचा होतास मी आले तेव्हा. तुला गोवर झाला, तुझी हाडं मोडली, तुझी परीक्षा बुडाली, तेव्हा कुणाच्या मांडीवर होतास? घोड्यांचा हिशोब माझ्यासमोर परत काढायचा नाही. ना तू, ना ही." शेवटचं माझ्याकडे बघून. मला चांगलंच लागलं, आणि लागायला हवंच होतं.

मग तिनं माझ्या हातातून तांबडीची दोरी घेतली. घोडीला जीभ टाळूला लावून आवाज केला, तोच, जो मामा करतो, आणि दोघी कुरणाकडे निघाल्या. पोरगी मागे. मी तिच्या मागे. पुढे तीन डावे पाय बाहेर फिरून सपाट टेकत होते, आणि चौथा माझा होता. ही पोर पळेल का, जिंकेल का, मला माहीत नाही. कुणी पैज मारायला सांगितली तर मी मारीन.

दादा चौकात एकटाच उभा राहिला. आम्ही कुरणाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा त्याची हाक आली, मोठ्यानं, चिडक्या आवाजात, "माई, निदान चप्पल तरी घाला! खडे आहेत तिकडे!"

"असू देत," आई म्हणाली आणि चालत राहिली.